साहसदृश्यांना विमा, नदीकाठाला वाली कोण?

सातारा : वाई-मेणवलीच्या घाटांवर ‘स्वदेस’पासून (२००४) ‘दबंग’पर्यंत (२०१०) अनेक हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले. पडद्यावर उडी नायकाची दिसते, पडतो मात्र दुसराच. ‘शोले’तील (१९७५) टांग्याच्या पाठलागात हेमामालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण होत्या. टांगा उलटून त्या जखमी झाल्या. त्यांच्या कारकिर्दीवर चित्रपट निघण्यास २०१९ साल उजाडावे लागले. साहसदृश्यांच्या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही २०१६च्या चित्रपटांपासूनच दिला जाऊ लागला.

अभिनेते अक्षयकुमार यांच्या पुढाकाराने २०१७ पासून सुमारे ६५० साहस-कलावंतांना विमाकवच मिळाले. ही बाब निश्चितच स्तुत्य. परंतु संपूर्ण पेशाची सुरक्षा एका नटाच्या औदार्यावर विसंबावी, हे उद्योगाला भूषणावह नाही.

शिवाय धोका साहसदृश्यापुरता मर्यादित नसतो. २२ एप्रिल २०२५ रोजी साताऱ्यानजीक संगम माहुली येथे एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाच्या गाण्याचे चित्रीकरण आटोपल्यावर हातावरील रंग धुण्यासाठी कृष्णेत उतरलेला नर्तक वाहून गेला. मृतदेह दोन दिवसांनी हाती लागला. तेथे ना उडी होती, ना घोडदौड. पाण्याची खोली, दोर, पट्टीचे पोहणारे यांचा हिशेब साहसदृश्याचा समन्वयक आधीच मांडतो; साध्या गाण्याच्या दिवशी मात्र त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी चित्रीकरणास परवानगी देतानाच प्रशासनाने जीवरक्षक आणि विम्याची अट घालणे उचित ठरेल. गर्दीच्या दृश्यांत रोजंदारीवर उभ्या राहणाऱ्या स्थानिकांची नावेही त्या विमापत्रात हवीत.