गोळीतले 'निष्क्रिय' पिष्ट

घरात कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर तिचे वेष्टन वाचून पाहा. त्यावर औषध ५० मायक्रोग्रॅम असे लिहिलेले आढळेल. म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग! एवढे औषध चिमटीतही धरता येणार नाही. गोळी १०० मिलिग्रॅम वजनाची असेल, तर तिच्या २,००० भागांत औषधाचा भाग एकच. मग बाकीचे १,९९९ भाग कशाचे?

त्यांत इतर पदार्थांबरोबर बहुधा पिष्ट म्हणजे स्टार्च असते. मक्याचे, बटाट्याचे किंवा टॅपिओकाचे. अशा पदार्थांना 'निष्क्रिय घटक' म्हणतात. हे नाव मला पटत नाही. का, ते सांगतो.

पतंग चिकटवायला तुम्ही खळ शिजवली असेल. पीठ पाण्यात तापवले की पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. कारखान्यातही पिष्ट असेच शिजवून, वाळवून त्याची पूड करतात. ती गोळीतले कण बांधून ठेवते. पण पोटात गेल्यावर गोळी फुटलीही पाहिजे! त्यासाठी पिष्टात रासायनिक बदल करून सोडिअम स्टार्च ग्लायकोलेट बनवतात. ते झपाट्याने पाणी शोषून कित्येक पट फुगते आणि गोळीला आतून रेटून फोडते. आवरण नसलेली साधी गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटांत फुटावी, अशी औषधिकोशाची कसोटी आहे. शिक्षकांनी वर्गात एक गोळी पाण्यात टाकून हे जरूर दाखवावे.

आता एक खरी घटना ऐका. १९६८-६९च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात अपस्मारावरील फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रोग्यांना विषबाधा झाली. औषध तेच, मात्राही तीच. बदलला होता तो फक्त कॅप्सूलमध्ये भर घालणारा पदार्थ. कॅल्शिअम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरले होते आणि त्यामुळे औषध रक्तात जास्त प्रमाणात शिरू लागले. याला निष्क्रिय कसे म्हणावे?

आपल्याकडील अनेक वेष्टनांवर अशा घटकांसाठी 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' एवढेच छापलेले असते. म्हणजे 'इतर पदार्थ, लागतील तेवढे'. माझ्या मते एवढे पुरेसे नाही. सीलिअॅक रोग असलेल्या मुलाला गव्हातले ग्लुटेन चालत नाही आणि गव्हाच्या पिष्टात त्याचा अंश राहू शकतो. गोळीतले पिष्ट मक्याचे की गव्हाचे, हे त्याच्या आईला कळायला नको काय? वेष्टनावर जागा थोडी असते, हे खरे. मग सोबत माहितीपत्रक द्यावे. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी असते, तर औषधाबरोबर का नसावी?

मात्र हे वाचून चालू असलेली गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये. शंका आली तर डॉक्टरांना विचारावे. आणि वेष्टन वाचण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.