कबरींशेजारचा चहा

अहमदाबादच्या लाल दरवाजा भागातील ‘न्यू लकी रेस्टॉरंट’मधल्या कबरी म्हणजे गिऱ्हाईक खेचण्यासाठी रचलेला देखावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. कबरी आधीच्या; हॉटेल त्यांच्याभोवती नंतर वाढले. त्या हलवल्या गेल्या नाहीत. भोवती लोखंडी कठडे आहेत, रोज ताजी फुले वाहिली जातात आणि टेबले उरलेल्या जागेत मांडलेली असतात. वाढपी त्यांतूनच वाट काढतात. इतकी निगा निव्वळ देखाव्यासाठी कोणी राखत नाही. चहा आणि मस्काबन ही इथली खरी ओळख. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन इथे चहाला येत; त्यांनी भेट दिलेले चित्र भिंतीवर लावलेले आहे. मृतांच्या अनादराचा ठपका पत्रलेखकाने मागे घ्यावा.