विधिसंघर्षग्रस्त मुले : घर की निरीक्षणगृह?

पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि संताप उसळला. त्यानंतर त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. महिनाभराने मुंबई उच्च न्यायालयाने त्याला आत्याच्या ताब्यात दिले आणि समुपदेशन सुरू ठेवण्यास सांगितले. ‘सुटला’ अशीच अनेकांची भावना झाली. परंतु वैद्यकशास्त्र या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहते.

मेंदूचा परिणामांचा विचार करणारा, आवेगाला आवर घालणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. किशोरवयात थराराची ओढ मात्र तीव्र असते आणि सोबत समवयस्क असले की धोका पत्करण्याची वृत्ती वाढते. अशा मुलांना एकत्र कोंडले, तर ती एकमेकांकडूनच शिकतात. शिकागोतील एका मोठ्या अभ्यासात कोठडीत पाठवलेल्या आणि न पाठवलेल्या मुलांची तुलना झाली. कोठडीत राहिलेल्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहण्याचे आणि प्रौढपणी तुरुंगात जाण्याचे प्रमाण अधिक आढळले.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. पालक किंवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत परिविक्षेवर सोडण्याची तरतूद त्यात आहे. मात्र सुटकेमुळे मुलाची गुन्हेगारांशी संगत होण्याची किंवा त्याला शारीरिक, मानसिक धोका पोहोचण्याची शक्यता असेल, तर जामीन नाकारता येतो.

म्हणजेच मूल कोणत्या घरी परतणार, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरात दारू आणि मारहाण आहे, तिथे मुलाला डांबणे ही सुधारणा नव्हे. आईवडील दिवसभर कामावर आणि मुलाची शाळा सुटलेली, तर चार भिंती आणि मोबाइल एवढेच उरते. अमेरिकेत पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून मुलांना घरी ठेवतात. पण वेळेचा किरकोळ नियम मोडल्यावरही काहींना पुन्हा कोठडीत जावे लागते. नजर ठेवणे म्हणजे उपचार नव्हेत.

घरी पाठवण्याआधी घराची पाहणी, मानसिक आरोग्याची व व्यसनाची तपासणी, शाळेत परतण्याची सोय आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या नियमित भेटी, एवढे तरी हवेच. ज्याला आधार देणारे घर नाही, त्याच्यासाठी ‘योग्य व्यक्ती’ शोधणे हे यंत्रणेचे काम आहे. ते झाले नाही, तर सारख्याच चुकीसाठी एक मूल घरी जाईल आणि दुसरे केवळ गरिबीमुळे आत राहील.