तोंडी सौदा आणि लबाडाची सोय

जमिनीच्या तोंडी सौद्यावर कोर्टाने दावाच चालवू नये, लेखी करार सक्तीचा करावा, अशी मागणी अधूनमधून होते. वरवर शहाणपणाची वाटणारी ही मागणी शब्द फिरवणाऱ्या विक्रेत्याच्या पथ्यावर पडणारी आहे.

मुळात तोंडी सौद्याने कोणी मालक होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. तोंडी सौदा करणाऱ्याच्या हाती उरतो तो एवढाच हक्क, की ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, असा दावा लावायचा. त्यालाही मुदत तीन वर्षांची. विरोधकांना तेवढाही खुपतो.

ते म्हणतात, कोणीही उठेल, दोन साक्षीदार उभे करील आणि जमीन दाव्यात अडकवील. असं होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण खोटारडा कागदाला कधी भ्यायला? मागल्या तारखेच्या स्टँपवर इसारपावत्या लिहिल्या जातातच, आणि स्टँप घोटाळ्यातल्या तेलगीने तर स्टँपच बनावट छापले. उलट तोंडी सौदा सांगणाऱ्याकडे कोर्ट आधीच साशंकपणे पाहतं. ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम (१९९०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की करार लेखीच हवा असं कायदा म्हणत नाही, पण सौदा पक्का झाला होता हे शाबीत करण्याची मोठी जबाबदारी वादीवर आहे. तिथला वादी ती पेलू शकला नाही आणि हरला.

दुसऱ्या बाजूला पाहा. बांधावर भाव ठरला, इसाराचे दोन लाख खात्यावर गेले, मोजणी झाली, ताबा मिळाला. घेणाऱ्याने ठिबक टाकून डाळिंब लावलं. वर्षभरात बायपासची आखणी जाहीर झाली, भाव तिप्पट झाला आणि मालक विचारतो, "कागद कुठाय?" या माणसाच्या ताब्याला त्याच अधिनियमाच्या कलम ५३अ चं संरक्षणही नाही, कारण त्या कलमाला लेखी आणि आता नोंदलेला करार लागतो. दाव्याची वाटही बंद केली तर दंड कुणाला झाला? विश्वास ठेवणाऱ्याला.

फ्लॅटला लेखी करार सक्तीचा, मग वावराला का नको, हा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्तर फ्लॅटच्या कायद्यात, रेरातच आहे. कलम १३ बिल्डरला बजावतं, की नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नकोस. सक्ती पैसे घेणाऱ्यावर आहे. वावरालाही तशीच आणा, माझी हरकत नाही.

२०१८ च्या दुरुस्तीने स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमधला, शाबीत झालेला सौदाही पुरा करायला न लावण्याचा कोर्टाचा स्वेच्छाधिकार जवळजवळ गेला. तेव्हा चाळणी पुराव्यालाच लावायला हवी. गट नंबर, क्षेत्र, भाव, इसाराची तारीख आणि रक्कम दाव्यात नेमकी नसेल, तर वादीला तिथेच अडवावं. रोखीची गोष्ट वेगळी. दाव्यात दोन लाख वा अधिक रोख दिल्याचं सांगितलं, तर आयकर खात्याला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कोर्टांना बजावलं आहे. छान झालं. रोख देणाऱ्याने त्या खात्यापुढे उत्तर द्यावं, आणि ती मोजून घेणाऱ्यानेही.