कोणाच्या कबुलीची वाट पाहता?

मराठी दैनिकांच्या विदेशवृत्त विभागप्रमुखांस,



म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता बळकावली. लोक थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरले तेव्हा तुम्ही ‘निदर्शने’ लिहिलंत, ते बरोबरच होतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समांतर राष्ट्रीय एकता सरकारने लष्कराविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑक्टोबर २०२३मध्ये तीन सशस्त्र गटांनी एकत्र येऊन शान राज्यात चढाई केली. ऑगस्ट २०२४मध्ये लाशियोचं ईशान्य विभागीय लष्करी मुख्यालय पडलं. तरीही मथळ्यात ‘अस्थिरता’, फार तर ‘चकमकी’. विभागीय मुख्यालयं चकमकीत पडत नसतात.

आकडा हवा असेल तर उप्सला विद्यापीठाची मोजणी आहे: वर्षभरात लढाईत २५ मृत्यू झाले की सशस्त्र संघर्ष, १,००० झाले की युद्ध. अभ्यासकांना तुलनेसाठी अशी रेघ लागतेच. पण जिथे इंटरनेट तोडलं जातं आणि वार्ताहर तुरुंगात जातात, तिथे हजारावा मृतदेह मोजायचा कोणी? त्यापेक्षा युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने १९९५मध्ये तादिच खटल्यात लावलेली कसोटी तुमच्या कामाची आहे. लढणारे गट संघटित आहेत का, आणि हिंसा लांबलेली आहे का? दंगल कितीही भीषण असली तरी या कसोटीला उतरत नाही, त्यामुळे ऊठसूट कशालाही यादवी म्हणण्याचा मोहही आवरतो.

सरकारने मान्य करावं म्हणून थांबणार असाल तर थांबतच राहाल. म्यानमारच्या लष्कराने विरोधकांना केव्हाच दहशतवादी ठरवलंय. अल्जेरियातली लढाई १९६२ला संपली. फ्रान्सने तिला कायद्यात ‘युद्ध’ म्हणायला १९९९ उजाडलं! जिनिव्हा करारांचं सामाईक तिसरं कलम मात्र कुणाच्या कबुलीवर अडत नाही. जखमींची शुश्रूषा करा, शरण आलेल्यांचा छळ करू नका, रीतसर खटल्याविना फाशी देऊ नका, हे दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे. वर, यामुळे कोणाचाही कायदेशीर दर्जा बदलत नाही, असंही त्याच कलमात लिहिलंय.

म्यानमारच्या चिन राज्यातून हजारो माणसं मिझोराममध्ये आली आहेत. तिकडे युद्ध चालू आहे हे न सांगता ती बातमी छापली की वाचकाला त्यात नुसती घुसखोरी दिसते.

म्हणून मागणी छोटीच आहे. म्यानमारच्या पुढच्या बातमीत ‘यादवी युद्ध’ असं सरळ लिहा आणि शेजारी एक नकाशा द्या: कोणतं शहर आज कोणाच्या ताब्यात आहे.

आपला,
एक नियमित वाचक