मदतीच्या अर्जातील माहितीचा धनी कोण?

दसरा-दिवाळी उलटली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील कितीतरी वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ते परततात होळी-पाडव्याच्या सुमारास. पूर्वी या बिऱ्हाडांबरोबर भांडीकुंडी, जनावरे आणि लेकरे जात. आता आधारपत्रांच्या झेरॉक्स प्रतींचा एक गठ्ठाही जातो आणि तो बहुधा मुकादमाच्या पिशवीत असतो.

स्थलांतरिताला त्याच्या हक्काचे मिळावे यासाठी गेल्या काही वर्षांत शासनाने बरेच केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र व गुजरात, तसेच आंध्र व तेलंगण अशा जोड्यांपासून शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली आणि 2022 पर्यंत ती देशभर पोहोचली. 26 ऑगस्ट 2021 रोजी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. तीत तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे आली आहेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले. ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे काम निघाले. शंभर कोसांवर गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानात धान्य मिळावे, यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो या सोयीच्या मोबदल्यात त्याच्याकडून काय घेतले जाते आणि घेतलेले पुढे कोणाकोणाच्या हाती जाते, हा.

आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो की, विनिमय तेव्हाच खुला असतो जेव्हा दोन्ही पक्षांना ‘नको’ म्हणता येते. सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ते म्हणता येते काय? आधार क्रमांक, भ्रमणध्वनी, बँकेचे खाते, जात, उत्पन्न, घरातील माणसे हे सारे ती सांगते, अंगठा टेकवते आणि संमतीच्या चौकोनात केंद्रचालक स्वतःच खूण करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीधारकांची यादी फलकावर लागली होती. तीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे जात आणि खाते क्रमांक ठळक छापला होता. हरकत घेतली तेव्हा लिपिकाने प्रांजळपणे विचारले, “सर, यात लपवायचे काय?” त्या लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. ही माहिती आपली नसून परक्याची ठेव आहे, हे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नव्हते.

जे आमच्या फलकावर झाले, तेच मोठ्या प्रमाणावर 2017 साली झारखंडात झाले. सामाजिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले. देशातील पहिले आधारपत्र 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले होते. त्या समारंभानंतर सात वर्षांनीही सरकारी कार्यालयांना त्या क्रमांकाची राखण कशी करावी हे उमगले नव्हते. त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य कलमे अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हा कायदा व्यापाऱ्याला बराच बांधतो. शासनाला मात्र सैल सोडतो. अनुदान वा लाभ देण्यासाठी शासनाने माहिती वापरावयाची झाल्यास नव्याने संमती घेण्याची गरज उरत नाही. नियमांत त्यासाठी काही पथ्ये घातली आहेत, हे खरे. परंतु सुरक्षितता व सुव्यवस्था यांच्या नावाखाली केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस कायद्यातून मुक्त करू शकते. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. तो जमा व्हावयाचा भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट त्याने खोटी तक्रार केल्यास त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे!

याहून विपरीत गोष्ट माहिती अधिकाराची. मुख्य कलमांना अठरा महिने थांबावयाचे असताना माहिती अधिकार कायद्यातील दुरुस्ती मात्र तत्काळ लागू झाली. वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा जो विचार त्या उपकलमात सांगितला होता, तो वगळण्यात आला. कलम 8(2) चा आधार उरतो. पण रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे शोधणाऱ्या कार्यकर्त्याला आता प्रत्येक वेळी तिथपर्यंत भांडत जावे लागेल. खासगीपणाचे नाव घेऊन गावाचे डोळे बांधावयाचे आणि सरकारी खात्यांचे डोळे मोकळे ठेवावयाचे, असा हा उफराटा न्याय आहे.

मोकळे डोळे कुठवर जातात? 2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या राज्यात अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम झाली. निवासाचा पुरावा मागितला गेला आणि परदेशी घुसखोरांच्या हाती पत्रिका राहू नये हाही तिचा एक उद्देश होता. अपात्रांना वगळण्यास आमचा विरोध नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे. परंतु धान्यासाठी भरलेला अर्ज नागरिकत्वाच्या तपासाचे साधन होऊ लागला, तर सहा महिने फडावर असणाऱ्या आणि गावात दाराला कुलूप असणाऱ्या कुटुंबाने निवास कसा सिद्ध करावयाचा? अमेरिकेत हे उघडपणे घडले आहे. तेथील गरिबांच्या वैद्यकीय साह्य योजनेतील लाभार्थींची माहिती 2025 च्या जूनमध्ये परदेशस्थांवर कारवाई करणाऱ्या खात्याकडे सोपविण्यात आली. वीस राज्ये न्यायालयात गेली. औषधासाठी दिलेला पत्ता हद्दपारीसाठी वापरला जाईल, या भीतीने पात्र माणसेही दवाखान्याकडे फिरकेनाशी होतात, असा त्या राज्यांचा युक्तिवाद होता. भीतीने मागणी आटते हे अर्थशास्त्राला नवे नाही. येथे आटणारी मागणी औषधाची आहे, इतकेच.

उपाय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आधार प्राधिकरणाजवळची माहिती न्यायालयीन कामासाठी हवी असल्यास आज उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा आदेश लागतो आणि तो देण्यापूर्वी संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तेच कुलूप शिधापत्रिका, ई-श्रम आणि ऊसतोड कामगारांच्या नोंदवहीला का नसावे? 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला बंधन घातले होते की, त्याने मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे. ती पुस्तके किती जणांना मिळाली हा भाग निराळा. पण त्यामागची कल्पना योग्य होती : मजुराची नोंद मजुराच्या हाती. आज त्याची नोंद सात खात्यांत असते आणि कोणत्या खात्याने ती केव्हा, कशासाठी पाहिली, हे त्याला कळण्याची सोय नाही. तशी नोंद ठेवणे यंत्राला अवघड नाही. येत्या हंगामापूर्वी ग्रामसेवक ओळखपत्रासाठी कागद गोळा करतील, तेव्हा निदान एवढे व्हावे : झेरॉक्स प्रतीवर ती कोणत्या कामासाठी घेतली हे लिहिले जावे, आणि काम झाल्यावर ती मुकादमाकडे न जाता ज्याची त्याला परत मिळावी.