बाग घेताय? आधी गिऱ्हाईक बघा

वाइनच्या द्राक्षाची तयार बाग विकायला निघाली की साताऱ्या-सांगलीकडची माणसं मांडव आणि रस्ता बघून इसार देतात. हे चुकीचं आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातनं पलूसला वाइन पार्क झालं, म्हणून माल आपोआप खपत नाही. थॉमसनचा दर पडला तर बेदाणा करून तासगावच्या सौद्यात नेता येतो. कॅबरने, शिराझचा मणी बारीक, बियांचा. वायनरीनं उचलला नाही तर तो द्यायचा कुणाला? आधी वायनरीचा लेखी करार बघा, मग सातबारा, खुंट आणि पाणी. करार नसेल तर बागेचे पैसे देऊ नका, नुसत्या रानाचा दर करा.